सुकतीचे शेवटचे दोन तास: गोव्याच्या खाड्यांमध्ये फ्लाय फिशिंग

बांधावर लांब रॉड घेऊन उभे राहिलात की शेजारी गरवायला बसलेला माणूस आधी तुमच्या सामानाकडे पाहून हसतो आणि मग एकच विचारतो, "उदक चलता मरे?" पाणी चालतंय ना? मी फ्लाय फिशिंग व्हिडिओ पाहून शिकलो आणि पहिले आठ महिने उभ्या पाण्यात अतिशय देखणे कास्ट टाकत राहिलो. मासा एक लागला नाही. त्याच बांधावर माझा मामा साध्या दोरीला सुंगट, म्हणजे कोळंबी, लावायचा, तासाभरात तामसो (तांबोशी) काढायचा आणि माझ्याकडे न बघता घरी जायचा. तो पाणी चालू असतानाच यायचा, एवढाच फरक होता. म्हणून या लेखात आधी पाणी, मग रॉड.

नवख्यांसाठी दोन ओळी. साध्या गरीत शिशाचं वजन दोरीला ओढून नेतं. फ्लाय म्हणजे हुकावर पिसं, केस, चमकदार धागे बांधून केलेली खोटी मासळी. तिला वजन जवळपास नसतंच, त्यामुळे वजन दोरीत असतं. लाइनचा नंबर तिच्या वजनावरून ठरतो: 8 नंबरच्या लाइनचे पहिले 30 फूट सुमारे 210 ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास भरतात. तुम्ही फेकता ती लाइन, फ्लाय नुसती तिच्या मागून जाते.

आधी पंचांग, मग सुट्टीचा अर्ज

गोव्यात दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. त्या दोन्ही सारख्या उंचीच्या नसतात आणि रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकतात. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाला मुरगावच्या मुखाशी भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या घरात जातो. भांगाला पाणी इतकं थोडं हलतं की फ्लायवाल्याने घरी बसून फ्लाय बांधलेल्या बऱ्या.

आता थोडा हिशेब. अमावस्येला किंवा पौर्णिमेला समुद्रालगत भरती साधारण अकराच्या सुमारास भरते आणि पाचच्या आसपास सुकती, म्हणजे ओहोटी, तळाला जाते. दोन दिवसांनी, द्वितीया-तृतीयेला, भरती साडेबारा-एकला आणि तळ संध्याकाळी साडेसहा-सातला. म्हणजे उधाणाचा जोर अजून टिकून आहे, सुकती संपत आली आहे आणि सूर्य खाली उतरतोय. हे तिन्ही एकत्र येणारे दिवस पंधरवड्यातून दोन-तीनच. गोव्याला बाहेरून यायचं असेल तर विमानाचं तिकीट याच तिथ्या बघून काढा. नेमक्या वेळा मुरगावच्या भरती-तक्त्यात मिळतात, वरचं गणित फक्त अंदाजासाठी. नदीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. मांडवी-जुवारीत समुद्राचं पाणी खूप आतपर्यंत चढतं, त्यामुळे मुरगावची वेळ फोंड्याकडच्या बांधावर लागू करू नका. मी केली होती. दीड तास उभ्या पाण्याकडे बघत बसलो.

सुकतीचे शेवटचे दोन तासच का? सहा तासांच्या ओहोटीत पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. जुना बाराव्या हिश्श्याचा नियम लावला तर पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात पुन्हा दोन, सहाव्यात एक. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी वाहून जातं आणि उधाणाला त्या जोरात फ्लाय दोन सेकंद जागेवर राहत नाही. शेवटी जोर उतरतो. तोवर खारफुटीची मुळं उघडी पडलेली असतात आणि आत चरायला गेलेली बारीक मासळी, सुंगटं यांना छोट्या ओहोळांमधून मुख्य धारेत यावंच लागतं. चोणक (जिताडा) त्या ओहोळाच्या तोंडाशी उभा असतो. त्याला शोधत फिरायची गरज नाही, ओहोळ शोधा.

हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाचा गाळ बसायला दसरा-दिवाळी उजाडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी निवळ आणि सकाळी वारा पडलेला, शिकणाऱ्यासाठी याहून चांगले महिने नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी समुद्रावरून येणारा वारा कास्टची परीक्षा घेतो, पण तामसो तापलेल्या पाण्यात जास्त चिडका होतो असा माझा अनुभव आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. ती बंदी रॉडवाल्यासाठी लिहिलेली नाही, तरी मी त्या दोन महिन्यांत रॉड बाहेर काढत नाही. पहिल्या पावसात चोणक अंडी घालायला नदीच्या मुखाकडे उतरतो, तेव्हा त्याला मुखाशी गाठणं मला पटत नाही.

कुठे उभं राहायचं आणि कुठे नाही

तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी, साळ, तळपण, गालजीबाग: प्रत्येक नदीचं मुख वेगळं. पहिल्या खेपेला पायाखाली घट्ट वाळू मिळेल अशीच जागा घ्या. शापोऱ्याच्या मुखाशी मोरजीकडचा वाळूचा पट्टा किंवा काणकोणातली तळपण, गालजीबागची मुखं बरी. मोरजी, गालजीबाग आणि आगोंद ही कासवांच्या विणीची ठिकाणं आहेत. हिवाळ्यात तिथे कुंपण घातलेल्या घरट्यांपासून लांब राहा आणि रात्री किनाऱ्यावर टॉर्च फिरवू नका.

फ्लायसाठी खरं आकर्षण आतल्या खाजन भागाचं. खाजन म्हणजे बांध घालून नदीपासून राखलेली खारी शेतं. बांधात पाणी आत-बाहेर सोडणारं दार असतं, ते मानस. सुकतीला मानस उघडली की आतली मासळी पाण्याबरोबर बाहेर पडते आणि तोंडाशी चोणक, तामसो गोळा होतात. पाहणाऱ्याचे हात शिवशिवणारच. पण मानशीवरच्या मासळीचा हक्क दरवर्षी पावणीत, म्हणजे लिलावात, जातो आणि ज्याने पावणी घेतली त्याने रोख पैसे मोजलेले असतात. विचारल्याशिवाय तिथे फ्लाय टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या बागेतले नारळ पाडणं. मी आधी जाऊन बोलतो, मासा सोडून देणार आहे असं सांगतो. बहुतेक जण आश्चर्याने हो म्हणतात. नाही म्हणाले तर पुढचा ओहोळ. बांध मातीचा असतो, त्याची कड पायाने ढासळवू नका. तो फुटला तर खारं पाणी शेतात शिरतं.

चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य, तसंच घाटाकडची म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्यं रॉडसाठी नाहीत. किनाऱ्यावर रापण ओढत असतील तिथून दूर सरका. तुमची लाइन त्यांच्या जाळ्यात अडकली तर सगळ्या रापणकारांची सकाळ फुकट जाते. पुलावरून गरवणारे दिसतात, तो नाद फ्लायवाल्याने करू नये. मागच्या कास्टला जाणारी लाइन थेट रस्त्यावरच्या स्कूटरवर जाते.

प्रवासाचं थोडक्यात: पेडण्या-बार्देशासाठी कोकण रेल्वेचं थिवी, तिसवाडीसाठी करमळी, दक्षिणेसाठी मडगाव. विमानाने दाबोळी किंवा मोपा. चार तुकड्यांचा रॉड नळीत घालून आणा. हुक, पक्कड, चाकू चेक-इन बॅगेत टाका, नाहीतर सुरक्षा तपासणीत फ्लायचा डबा सोडून यावा लागतो. चोडण-दिवाडीला फेरीबोट आहेच. आणि भाड्याच्या स्कूटरवर जोडलेला रॉड आडवा धरून कधीही बसू नका, रॉडचं टोक आणि विजेचा खांब यांची गाठ पडते.

सामान: कमी घ्या, पण बरोबर घ्या

9 फुटांचा 8 नंबरचा रॉड. पहिला रॉड हाच, वाद नको. रीळ खाऱ्या पाण्यासाठी बनवलेलं हवं, त्यावर 20 किंवा 30 पौंडांचं 150 मीटर बॅकिंग, म्हणजे लाइनच्या मागची बारीक राखीव दोरी. लाइन घेताना मात्र एक चूक सगळेच करतात: थंड पाण्याची ट्राउट लाइन आणतात. आपल्या उन्हात ती शिजलेल्या शेवयांसारखी मऊ पडते आणि रॉडच्या कड्यांना चिकटते. उष्ण कटिबंधासाठी केलेली, कडक गाभ्याची तरंगती लाइन घ्या. दुसरी लाइन परवडली तर हळू बुडणारी इंटरमीजिएट.

लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांना जोडणारा पारदर्शक धागा, साधा ठेवा: 9 फूट, शेवट 20 पौंडांचा आणि फ्लायच्या आधी दीड फूट 40 पौंडांचा जाड फ्लुरोकार्बन. हा जाड तुकडा चोणकासाठी. त्याच्या कल्ल्यावरचं झाकण पात्यासारखं धारदार असतं आणि उडी मारून डोकं झटकलं की पातळ टिपेट (लीडरचं शेवटचं टोक) कापून निघतं.

फ्लाय तीनच सांगेन. डोळ्यांना छोटं शिसं असलेली क्लाउझर मिनो, पोपटी-पांढरी, निवळ पाण्यासाठी. काळी किंवा जांभळी डिसीव्हर गढूळ पाण्यासाठी, कारण गढूळ पाण्यात माशाला रंग नव्हे, सावली दिसते. तिसरी सुंगटासारखी तपकिरी. हुक 1/0 ते 3/0. सगळ्या हुकांच्या टोकामागचे उलटे काटे पक्कडने दाबून सपाट करा. का, ते पुढे येईल.

पोलराइज्ड चष्मा तांबूस काचेचा. तो डोळ्याचं चिलखत आहे, मासे दिसतात हा वरचा फायदा.

कास्ट शेतात शिका

भात कापून झालं की गावातली पोरं त्याच शेतात फुटबॉल खेळतात. त्यांच्याआधी, सकाळी सहाला, तिथे जा. हुक नको, लीडरच्या टोकाला लाल लोकरीचा गोंडा बांधा. रोज वीस मिनिटं, तीन आठवडे. रविवारी सलग तीन तास केलं तर खांदा दुखतो आणि हात काही शिकत नाही.

दहा मीटर लाइन समोर सरळ पसरा. रॉडचं टोक जमिनीलगत. हळू उचलायला सुरुवात करा, वेग वाढवत न्या आणि डोक्यावरून थोडं मागे गेल्यावर झटकन थांबा. इथेच सगळं ठरतं. थांबलात की लाइन मागे उलगडते, तिला उलगडू द्या. मान वळवून बघा, शिकताना लाज नको. ती सरळ झाली की तिचं ओझं रॉडला जाणवतं, तेव्हाच पुढे न्या. लवकर नेलंत तर चाबकासारखा आवाज येतो आणि त्या आवाजाबरोबर फ्लाय तुटून जाते. मग पुढेही तसाच वेग वाढवत स्ट्रोक आणि तसाच झटकन थांबा. थांबल्यावर रॉड हळू खाली.

दोन दोष कायम दिसतात. मनगट मागे मोडतं आणि लाइन जमिनीवर आपटते. यावर उपाय म्हणून रॉडचं बूड शर्टाच्या बाहीत अडकवून सराव करा, मनगट मोडलं की टोचेल. दुसरा दोष ताकद. मी पहिला महिना रॉडने जणू नारळ पाडत होतो. थांबण्याला धार आली की ताकद लागत नाही.

पंधरा मीटर नीट पडायला लागली की डाव्या हाताचं काम सुरू करा. मागच्या स्ट्रोकला आणि पुढच्या स्ट्रोकला डाव्या हाताने लाइन छोटीशी ओढायची, म्हणजे डबल हॉल. वाऱ्यात हा लागतोच. खारफुटी पाठीला असेल तर मागे लाइन टाकायला जागा नसते. तिथे रोल कास्ट: रॉड सावकाश खांद्यामागे आणा, लाइन शरीराशेजारी पाण्यावर झोळासारखी लोंबू द्या आणि पुढे ठोसा. रोल कास्ट पाण्यावरच शिकता येतो, कारण पाण्याने लाइन धरून ठेवावी लागते.

लांब कास्टचं वेड सोडा. खाजनातला ओहोळ बारा मीटरवर असतो. तीस मीटर टाकणारा तो ओहोळ ओलांडून पलीकडच्या झाडात फ्लाय अडकवतो.

पाण्यावर, टप्प्याटप्प्याने

तळाच्या अडीच तास आधी पोचा. लगेच टाकू नका. पंधरा मिनिटं बसून बघा: कुठल्या ओहोळातून फेस आणि पानं बाहेर येताहेत, बारीक मासळी कुठे उडते आहे, कुठे "टब्ब" असा बोजड आवाज येतो. तो आवाज चोणकाने तोंड उघडून पाणी ओढल्याचा.

प्रवाहाच्या थोडं वर, तिरपं उभे राहा. फ्लाय ओहोळाच्या तोंडाच्या वर टाका आणि पाण्याला तिला खाली आणू द्या, जशी खरी मासळी येईल. लाइन ताठ झाली की डाव्या हाताने ओढायला लागा: दोन आखूड, एक लांब, मग थांबा. बहुतेक वेळा मासा थांबल्यावर घेतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. मासा लागला असं वाटताच आपल्या गरवणाऱ्याचा हात रॉड वर झटकतो. लहानपणापासूनची सवय आहे ती. फ्लायवर असं केलंत की फ्लाय माशाच्या तोंडातून वर निघून येते. रॉड फ्लायच्या दिशेने सरळ खालीच ठेवा आणि डाव्या हाताने लाइन लांब, जोरात ओढा. वजन घट्ट लागलं की मगच रॉड उचला. हे अंगवळणी पडायला मला किमान सहा मासे गमवावे लागले.

तामसो लागला तर पहिले दोन मीटरच लढाई. तो सरळ मुळांकडे किंवा दगडांकडे पळतो, त्यामुळे ड्रॅग, म्हणजे रीळाचा ब्रेक, आधीपासून घट्ट. चोणक उडी मारतो. त्याने उडी मारली की रॉड त्याच्याकडे झुकवा, लाइन क्षणभर सैल पडू द्या. मासा पळताना पायाशी पडलेली लाइन अंगठ्यात किंवा चपलेच्या बंदात अडकते. त्यासाठी कमरेला बादली किंवा टोपली बांधा आणि ओढलेली लाइन तीत सोडा. माझी टोपली घरच्या कपड्यांच्या तुटक्या बादलीची आहे.

जिवाची काळजी

सुकतीला चांगली मासेमारी म्हणजे परतताना अंधार आणि चिखल. एकटे जाऊ नका. कुठे जाताय, कधी परतणार हे घरी सांगा. चिखलात पाय मांडीपर्यंत गेला तर जोर लावून उपसू नका. मागे रेला, अंगाचं वजन पसरा, पाय हळूहळू हलवत पाणी आत शिरू द्या आणि रांगत बाहेर या. काठाच्या कालवांनी पाय कापतो, म्हणून जाड तळव्याचे बूट घाला. जखम झाली तर लगेच गोड्या पाण्याने आणि साबणाने धुवा. भरती परत फिरते तेव्हा तुम्ही वाळूच्या उंचवट्यावर अडकू शकता. तळाची वेळ झाली की मासा लागत असला तरी निघा.

कुंभारजुव्याच्या कालव्यात आणि त्याला लागलेल्या खाजनांत मगरी आहेत. तिथल्या गावांत पौष अमावस्येला चिखलाची मगर थापून पूजा करतात, माणगे थापणी म्हणतात तिला. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मगरीबरोबर काढल्या त्यांनी तिला देव मानलं. या पट्ट्यात पाण्यात उतरू नका, बांधाच्या कडेपासून चार-पाच मीटर मागे राहा आणि मासा साफ करायला पाण्याशी वाकू नका.

होडीत बसाल तर लाइफ जॅकेट अंगात घाला, बाकाखाली ठेवू नका. ऑक्टोबर आणि मे महिन्यांत संध्याकाळी गडगडाट होतो. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो. पहिला गडगडाट ऐकला की रॉड खाली आणि पाण्यापासून दूर पक्क्या छपराखाली. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. खाजनावरून विजेच्या तारा जातात, कास्टआधी वर बघा.

वारा उजवीकडून असेल आणि तुम्ही उजव्या हाताचे असाल, तर फ्लाय डोक्याकडे येते. पाठ फिरवून उभे राहा आणि मागच्या स्ट्रोकनेच फ्लाय सोडा. मी हे एकदा विसरलो आणि क्लाउझर थेट कानाच्या पाळीत. काटा दाबलेला होता म्हणून आरशात बघून आलेल्या वाटेने मागे सरकवली आणि निघाली. काट्याची असती तर मजबूत दोरीचा फासा हुकाच्या वळणात घालायचा, हुकाचा दांडा कातडीवर दाबून धरायचा आणि फासा दांड्याला समांतर, एका झटक्यात मागे ओढायचा. डोळ्याजवळ, मानेत किंवा सांध्यात घुसलेल्या हुकाला हात लावू नका. डोळ्यावर कागदी कप उलटा ठेवून रुग्णालय गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते निघण्याआधीच आठवा.

वाळूत चालताना पाऊल उचलू नका, घासत सरकवा. पाकट वाळूत लपलेला असतो, चाहूल लागली की निघून जातो, पण पाय पडला तर शेपटीचा काटा मारतो. मारलाच तर 45 अंशांपर्यंतच्या गरम पाण्यात पाय अर्धा ते दीड तास बुडवा, विषाची कळ उतरते. पाणी दुसऱ्या माणसाच्या किंवा न दुखणाऱ्या हाताने तपासा, नाहीतर भाजेल. त्यानंतर डॉक्टर हवाच. सांगटाच्या (शिंगाळ्याच्या) पाठीवरचा आणि कल्ल्याबाजूचे काटेही विषारी, त्याला पक्कडनेच धरा.

फोन पाण्यापासून राखलेल्या पिशवीत ठेवा. 112 सर्वसाधारण आपत्कालीन, 108 रुग्णवाहिका, समुद्रात अडकलात तर तटरक्षक दलाचा 1554.

सोडायचा की शिजवायचा

चोणक जन्मतः नर असतो आणि मोठा झाल्यावर, साधारण 85 ते 100 सेंटीमीटरच्या टप्प्यात, मादी होतो. म्हणजे फोटोसाठी आपल्याला हवा तो अजस्र मासा बहुतेक वेळा अंडी घालणारी मादीच. ती मी नेहमी सोडतो. घरी न्यायचा तर मधल्या आकाराचा एखादा, तोही मामाने मागितला तर. माझा एक मित्र म्हणतो, चोणक सोडणारा गोंयकार नव्हेच. त्याला मी तामसो देतो, वाद मिटतो.

सोडायचा असेल तर हात ओले करा, मासा पाण्यातच ठेवून हुक काढा. फोटोसाठी बाहेर काढलाच तर दहा सेकंद, आडवा, पोटाखाली हात देऊन. जबड्याने लटकवू नका, मोठ्या माशाचा कणा त्याच्याच वजनाने दुखावतो. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, त्यामुळे झुंज लांबवू नका. दमलेल्या माशाचं तोंड प्रवाहाकडे करून धरा, शेपटीला जोर आला की तो आपणच निसटतो.

घरी परतलात की आंघोळीआधी रीळ. ते नळाखाली जोराच्या धारेत धरू नका, मीठ आत ढकललं जातं. गोड्या पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं बुडवून ठेवा, पुसून सावलीत वाळवा. फ्लाय वेगळ्या धुवा, नाहीतर एक गंजलेला हुक सगळा डबा खातो. आणि रात्रीच वहीत लिहा: तिथी, भरतीची वेळ, प्रत्यक्ष पाणी किती उशिरा फिरलं, कुठल्या ओहोळावर काय लागलं. माझ्या वहीत त्या बांधासाठी मुरगावच्या वेळेत एक तास चाळीस मिनिटं मिळवायची असतात. मामाला हा आकडा सांगितला तेव्हा तो म्हणाला, "इतली वर्सां म्हाका विचारपाक किदें जालें तुका?"